तळाची ओळ

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते: मुद्रक, प्रकाशक व संपादक अमुक अमुक. ती वाचायच्या फंदात कोणी पडत नाही. आमच्या शेजारचे, वसईजवळच्या निर्मळचे दयारामकाका त्या ओळीत पुरते अडकलेत.

काका 'खाडीकाठ' साप्ताहिकाच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, पुढे कॉम्प्युटरवर पानं लावायला शिकले. मालक वामनराव. वसईत त्यांच्या शब्दाबाहेर जायची कोणाची टाप नव्हती. नगरसेवकसुद्धा त्यांच्या ओटीवर ताटकळत बसत. एके दिवशी त्यांनी काकांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि सांगितलं, आजपासून कागदोपत्री मुद्रक, प्रकाशक आणि संपादक तुम्ही. काका सही करून पेढे घेऊन घरी आले. त्या पेढ्यांचा मला अजून राग येतो.

नऊ वर्षांपूर्वी एका बिल्डरने इथलं बावखल, म्हणजे वाड्यांना पाणी देणारं जुनं तळं, भराव टाकून बुजवलं. बातमी काकांनीच आणली, शेवटच्या पानावर छापली. बिल्डरने काकांवर अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला. तळाच्या ओळीत वामनरावांचं नाव नव्हतंच. बघून घेऊ, बघून घेऊ म्हणत ते वारले. अख्खा बाजार बंद होता त्या दिवशी. त्यांच्या मुलाने साप्ताहिक गुंडाळलं. खटला तेवढा चालू राहिला.

काकांची मुलगी अक्षया मेलबर्नला असते. यंदा तिचे दिवस भरत आले, तरी खटल्यापायी काकांचा पासपोर्ट अडलेला. कोर्टाच्या परवानगीचा अर्जही तारखा खात पडून. तेवढ्यात बिल्डरच्या वकिलाचा निरोप आला: माफीनाम्यावर सही करा, खटला मागे घेतो. मेलेल्या मालकाची अब्रू किती दिवस वाहणार, म्हणत द्वारकाकाकू हटूनच बसल्या. काकाही थकले होते. मी दोघांना रिक्षाने कोर्टात नेलं.

व्हरांड्यात काकांनी चष्मा लावून कागद वाचला. त्या जागेवर बावखल कधी नव्हतंच, असं त्यात लिहिलं होतं. काकांनी मुकाट्याने पेन उघडलं. काकूंनी कागद ओढून घेतला आणि स्वतः वाचला, दोनदा.

"मग सतरा वर्षं मी केळींना पाणी कुठून घातलं?"

पेनाला टोपण लावून ते काकूंनीच काकांच्या खिशात परत खोचलं.

मेलबर्नला काकू एकट्याच गेल्या. नातू काकांना फोनवर दिसतो, बहुतेक वेळा झोपलेला.

गेल्या महिन्यात वामनरावांच्या मुलाने त्यांचं जाडजूड चरित्र काढलं. त्यात बावखलाच्या बातमीच्या त्या पानाचा फोटो आहे, खाली लिहिलंय: वामनरावांचा निर्भीड लढा. तळाची ओळ मात्र कापून टाकली आहे. मी संतापाने ते पुस्तक काकांसमोर आपटलं. काकांनी त्या कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि कोर्टाची पिशवी उचलली, कारण तारीख होती.

तिथे शिपायाने पुकारा केला, "मुद्रक, प्रकाशक, संपादक दयाराम चुरी."

काका उठून उभे राहिले. "हजर."