वेढ्याचा तास

भिंतीवरच्या नकाशापाशी जाऊन अक्का जेरुसलेमवर अंगठा ठेवत. शहर अंगठ्याखाली पूर्ण झाकून जाई. मग वर्गाकडे वळून म्हणत, "एवढंच गाव. आपल्या कुंभकोणमपेक्षाही लहान. देव तीन जणांचा आणि पाणी थोडं." आणि पदर खोचून बाकं सरकवायला सुरुवात करत.

त्या नववीला इतिहास शिकवत, मी शेजारच्या वर्गात गणित. शाळेत सगळे त्यांना टीचर म्हणत. मी अक्का म्हणे, कारण आमच्या घरांत थोरल्या बहिणीला तेच म्हणतात. आम्हा दोघांचीही घराणी तंजावरच्या मराठी राजांच्या मागोमाग इकडे आलेली. रस्त्यावर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. माझी बायको सोलापूरची. अक्कांच्या तोंडचं "ऐसें" आणि "म्हणोन" ऐकलं की ती अजूनही हसू दाबी. अक्कांना ते कळे. "हस गं, मोकळी हस," त्या म्हणत, "म्युझियमला तिकीट असतं, इथे फुकट आहे."

क्रूसेड, म्हणजे ख्रिश्चन आणि मुसलमान यांच्यातली ती जुनी धर्मयुद्धं. पाठ्यपुस्तकात त्यांना दीड पान आहे. बाकीचे शिक्षक तेवढं फळ्यावर उतरवून मोकळे होत. अक्का दरवर्षी त्याचा वेढा घालत. बाकांची भिंत रचायची. अर्धा वर्ग आत, अर्धा बाहेर. तलवारी नाहीत, हातात फक्त पट्ट्या. वेढा सुरू होण्याआधी आतल्या प्रत्येकाने आपण सकाळपासून काय करत होतो ते सांगायचं. कोणी चामडं कमावत असे, कोणी बाळाला झोपवत असे. एकदा एका मुलीने सांगितलं, "टीचर, मी इडली लावलीय." वर्ग हसून लोळला. अक्का हसल्या नाहीत. "इडली तर इडली. चूल पेटलेली आहे ना? मग झालं."

नंतर अक्का बाकावर चढून युरोपातल्या धर्मोपदेशकाचं भाषण करत. आवाज असा चढे की माझ्या वर्गातल्या त्रिकोणाच्या बाजू हलत. "देवाची इच्छा आहे! शहर सोडवा!" बाहेरची मुलं आरोळी देत, बाकं ढकलत, भिंत पडे. पाडताना त्यांना फार आनंद होई. तो आनंद पुरता चढू देऊन अक्का टाळी वाजवत. आतल्या मुलांनी आडवं व्हायचं. मुसलमान आडवे, ज्यू आडवे. बाहेरच्यांनी उभं राहून त्यांच्याकडे बघायचं. कोणी बोलायचं नाही. "इडली करपली," अक्का हळूच म्हणत. त्या वाक्याला मात्र कोणी हसलेलं मी ऐकलं नाही.

मग हुकूम सुटे, "बाजू बदला!"

आता कित्येक वर्षं लोटलेली असत. बाहेरचे आत येत. तेच आता शहराचे रहिवासी, ख्रिश्चन. बाहेर सुलतानाची फौज. या वेळी कत्तल नाही, खंडणी. ज्याला खंडणी देता येत नाही तो गुलाम. ओढणीने हात बांधून मुलं रांगेने बाहेर नेली जात. मघाशी आरोळ्या देणारा आता बांधला जाई. तास संपे तेव्हा मुलं एकमेकांचे हात सोडवत असत, आणि अक्का घसा शेकायला स्टाफरूममध्ये येऊन कॉफी मागत.

ती कॉफी नूरजहान टीचर ओतून ठेवी. ती विज्ञान शिकवी, राहायला मेलकावेरीच्या मुसलमान वस्तीत. दोघींचा डबा एकच. म्हणजे डबे दोन, पण कोणाचा कोणता ते उघडल्यावर विसरायचं. नूरजहानच्या मुलीला अक्कांनीच शिकवलेलं. तिच्या लग्नात तिरुभुवनमची रेशमी साडी आपण घेणार, असं अक्कांनी ती शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं. नूरजहान दर वर्षी वेढ्याच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसे आणि नंतर म्हणे, "तू नाटकात जायला हवं होतंस." अक्का म्हणत, "नाटकात मेलेले उठून नमस्कार करतात. मला ते आवडत नाही."

त्या वर्षी हेडमास्तरांनी पालकदिनाला वेढ्याचा तास दाखवायचं ठरवलं. पालक खिडक्यांत उभे राहिले, मोबाइल वर गेले. तास नेहमीसारखाच झाला. नूरजहान नेहमीच्या जागी होती. मी नव्हतो. मला मैदानावर वाहनं लावून घ्यायची कामगिरी होती.

दोन दिवसांत त्या तासाचे दोन तुकडे गावभर झाले. एका तुकड्यात अक्का बाकावर उभ्या राहून शहर जिंकायला सांगताहेत आणि मुसलमान झालेली मुलं खाली पडताहेत. तो मेलकावेरीच्या गल्ल्यांत फिरला. दुसऱ्यात सुलतानाची फौज ख्रिश्चन मुलींचे हात ओढणीने बांधून नेते आहे. तो चर्चच्या लोकांत फिरला. दोन्ही तुकडे "बाजू बदला" या शब्दांपाशी कापलेले होते. एकाचा शेवट तिथे, दुसऱ्याची सुरुवात तिथून. दोन्ही एकत्र पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

आधी तिसरेच आले. कपाळाला गंध, हातात गुलाबाचा हार, सोबत फोटोवाला. स्टाफरूमच्या दारात त्यांचा पुढारी म्हणाला, "अम्मा, तुम्ही धीटपणे खरं दाखवलंत. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत."

"काय खरं दाखवलं?" अक्कांनी विचारलं.

"हेच. ही माणसं कशी असतात ते."

अक्कांनी चष्मा काढून पुसला. "पुढच्या महिन्यात आपल्या राजांनी एकमेकांची देवळं कशी लुटली तो धडा आहे. त्यानंतर मराठे बंगाल्यात जाऊन काय करून आले तो. तेव्हाही या. हार तोवर टिकणार नाही, नवा आणा."

हार परत गेला. माझ्याकडे वळून अक्का आमच्या मराठीत पुटपुटल्या, "फुलं चांगली होती रे अप्पा. देवाला तरी घालायची होती."

मला त्या वेळी हसू आलं होतं. संध्याकाळपर्यंत तेही लोक तक्रारदारांत जमा झाले होते.

हेडमास्तरांनी बैठक बोलावली. तिन्हीकडची माणसं आली आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून एकाच बाकावर खेटून बसली. बोलणं एकाच विषयावर आणि एकाच सुरात. एकाने शब्द सोडला की दुसरा उचलत होता. मी उभं राहून सांगितलं, की हा तास दरवर्षी होतो, दोन्ही बाजू दाखवतात, अर्धी मुलं नाही तर सगळीच मुलं एकदा जिंकतात आणि एकदा हरतात.

"तुम्ही होता का तिथे?" एकाने विचारलं.

"त्या दिवशी नव्हतो."

"मग बसा. तुम्ही रायर लोक एकमेकांचंच बोलणार."

रायर म्हणजे आम्ही, मराठी बोलणारे. साडेतीनशे वर्षं कावेरीचं पाणी पिऊन शेवटी मी त्या खोलीत बाहेरचाच निघालो. गंध लावलेल्यानेही मान डोलावली.

मग हेडमास्तरांनी नूरजहानला बोलावलं. सगळे वळून दाराकडे बघू लागले. अक्कांनी तर सुटकेचा श्वास टाकलेला मी ऐकला. नूरजहान डोक्यावरचा पदर सारखा करत उभी राहिली.

"तुम्ही वर्गात होता. टीचरनी नंतर दुसरी बाजूही दाखवली का?"

बाकावर मेलकावेरीच्या कमिटीतला एक गृहस्थ होता. नूरजहानची मुलगी त्याच्याच भावाच्या घरात पडणार होती. साखरपुडा झालेला, मंडप ठरलेला. नूरजहानने त्याच्याकडे पाहिलं नाही, अक्कांकडेही नाही. ती हेडमास्तरांच्या टेबलावरच्या काचेकडे पाहत होती.

"मी पेपर तपासत होते," ती म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर अक्का मला म्हणाल्या, "पाहिलंस? हजार वर्षांत जे जमलं नाही ते या खोलीत जमलं. तिघेही एका बाकावर." आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. पण जिना उतरताना त्यांनी कठडा धरला. तो त्या कधी धरत नसत.

"अक्का, नूरजहानने ऐसें कां केलं?" मी विचारलं.

"तिला मुलगी आहे," त्या म्हणाल्या.

प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर चूक कबूल करायची, असं ठरलं. अक्का माइकपुढे उभ्या राहिल्या. मैदानात मुलं, कठड्याला टेकून तिन्हीकडची माणसं. अक्का म्हणाल्या, "मी अर्धाच धडा दाखवला असं या मोठ्या माणसांचं म्हणणं आहे. मी पूर्ण दाखवला होता. ज्यांनी अर्धा पाहिला त्यांनी उरलेला येऊन पाहावा. बाकं मी पुन्हा लावते." एवढ्यात माइक बंद झाला. अक्का बोलत राहिल्या, मागच्या रांगांना फक्त ओठ हललेले दिसले. मग हेडमास्तरांनी राष्ट्रगीताची खूण केली, आणि राष्ट्रगीत चालू असताना अक्कांनाही गप्प उभं राहावं लागलं.

त्यांना वर्ग बंद झाले. ग्रंथालयात बसवलं. तिथे कोणी येत नसे. निवृत्तीला थोडाच अवधी होता, तो रेटता आला असता. मी तसं सांगितलंही. "अप्पा, मी शिकवणारी बाई," त्या म्हणाल्या. "मला कपाटाची किल्ली देऊन बसवलं तर मी कपाटालाच शिकवायला लागेन." आणि त्यांनी राजीनामा दिला.

नूरजहानच्या मुलीचं लग्न झालं. शाळेतल्या सगळ्यांना बोलावणं होतं, अक्कांना नव्हतं. साडी त्यांनी आधीच घेऊन ठेवलेली. माझ्या बायकोच्या हाती त्यांनी ती पाठवली. नूरजहानने मंडपाच्या मागच्या खोलीत ती उघडून पाहिली, पदरावरून हात फिरवला आणि माझ्या बायकोला म्हणाली, "कोणी दिली ते इथे सांगू नका." बायकोने घरी येऊन अक्कांना फक्त एवढंच सांगितलं, की साडी आवडली. खोटं बोलली असं म्हणता येणार नाही.

अक्का मैसूरला भाच्याकडे जायला निघाल्या त्या दुपारी मी सामान बांधायला गेलो होतो. दाराशी रिक्षा थांबली. नूरजहान उतरली, पण पायरी चढेना. अक्का पुस्तकांच्या गठ्ठ्याला सुतळी आवळत होत्या.

"मी त्या दिवशी सगळं पाहिलं होतं," नूरजहान म्हणाली. "पहिलंही. नंतरचंही."

"मला ठाऊक आहे," अक्का म्हणाल्या. "हे तिथे सांगायचं होतंस."

"माझ्या जागी तू असतीस तर?"

अक्का थांबल्या. सुतळी हातात तशीच. त्या उत्तर देतील, निदान आत ये म्हणतील, असं मला वाटलं. नूरजहानलाही वाटलं असावं, कारण तिने चप्पल काढली. पण अक्कांनी मान खाली घातली, गाठ मारली आणि दुसरा गठ्ठा पुढे ओढला. नूरजहान थोडा वेळ अनवाणी उभी राहिली. मग चप्पल घालून रिक्षात बसली. अक्कांना क्षमा करता आली नाही. मी हे त्यांना कमीपणा आणायला लिहीत नाही. ज्या बाईने दरवर्षी मुलांना दुसऱ्या बाजूला जाऊन उभं राहायला शिकवलं, तिला तेवढं एक पाऊल टाकता आलं नाही. लोकांनी तिचं काय काय नेलं, त्यात मी हेही धरतो.

मैसूरहून फोन येत. प्रकृतीचं, भाच्याच्या बायकोच्या सांबाराचं बोलत. शाळेचं विचारत नसत. गेल्या आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमारास, भाच्याचाच फोन आला, की त्या गेल्या. शाळेत प्रार्थनेनंतर दोन मिनिटं उभं राहण्यात आलं. हेडमास्तरांनी त्यांना "निर्भीड" म्हटलं. नूरजहान प्रयोगशाळेत होती. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. कोणीतरी विचारलं, तर म्हणाली, आम्लाची बाटली उघडी राहिली होती.

परवा नववीचा इतिहासाचा तास मोकळा होता, म्हणून मला बसवलं. मी सहज विचारलं, क्रूसेडबद्दल काय शिकलात? पहिल्या बाकावरची मुलगी उठली आणि धडाधड म्हणू लागली, "परिणाम. एक, पूर्व आणि पश्चिम यांच्यातला व्यापार वाढला. दोन, युरोपला साखर आणि मसाले मिळाले. तीन, नकाशे आणि जहाजं सुधारली."

"आणि माणसं?" मी विचारलं.

"कुठली माणसं, सार?"

"गावातली. आत राहणारी."

तिने पुस्तक उघडून पान वर-खाली पाहिलं, शेजारणीचंही पाहिलं.

"ते परीक्षेला नाही, सार," ती म्हणाली, आणि मी बस म्हणेपर्यंत नम्रपणे उभी राहिली.