आबांच्या कागदावरची पोरं

फैजपूरला कॉलेजात होतो तेव्हा आमच्या कबड्डीच्या मैदानाच्या कडेला संध्याकाळी काही मंडळी बसत. नव्या पोरांतून पाळीपाळीने एकेक चढाईपटू निवडून प्रत्येकजण कागदावर आपला संघ लिहायचा. ज्याची पोरं स्पर्धेत जास्त गुण आणतील, तो जिंकला. त्यांत एक आबा होते, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे डाग असलेले. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

"आबा, याला घ्या, काय पळतो!" कुणी म्हणालं, की ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवत. "पयनारा बठ्ठाच शेतस. धरावर काय करस, ते देख." पळणारे सगळेच असतात, पकडल्यावर कोण काय करतो ते बघायचं, हा त्यांचा हिशेब.

कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. निदान आबांच्या कागदावर तरी आपलं नाव यावं, असं मला फार वाटे. शेवटी धीर करून विचारलं, "आबा, मी कसा वाटतो?"

"भाऊ, तू चढाईले जास, पन देखस आमनाकडे."

सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खेळलो. आबा त्या दिवशी आले होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.