पंचफुलाबाई भेटायला येते

लातूरच्या क्लासवाल्यांच्या गल्लीत कुणी आजारी पडलं की घरच्यांना दोन काळज्या लागत. एक, पेशंट बरा होतो की नाही. दुसरी, पंचफुलाबाईला कळलं तर नाही ना.

कारण आपल्याकडं दवाखान्यात भेटायला जायची एक रीत ठरलेली आहे. गावाहून जीप भरून यायचं. पास एकच मिळतो, म्हणून वर पोचलेल्यानं तो रुमालात बांधून खिडकीतून खाली टाकायचा आणि त्याच पासावर सगळ्या जीपनं वर यायचं. ‘रुग्णाच्या खाटेवर बसू नये’ या पाटीखालीच खाटेवर ऐसपैस बसायचं. ‘कसं झालं हो?’ असं विचारायचं, आणि पेशंट सांगायला लागला की त्याला मधेच तोडून आपल्या साडूला हेच दुखणं कसं घेऊन गेलं ते सांगायचं. त्याचीच केळी सोलून खायची, आणि उठताना म्हणायचं, ‘काही होत न्हाई, घाबरू नका.’ एवढं सगळं चालतं. चालत नाही ती एकच गोष्ट. पेशंटला वाईट बातमी सांगायची नाही. घरातलं माणूस सरणावर असलं तरी तोंड हसरं ठेवायचं.

पंचफुलाबाई नेमकी उलटी. ती रिकाम्या हातानं यायची, उभ्यानं बोलायची आणि खरं ते सांगून मोकळी व्हायची. ती क्लासच्या पोरांची मेस चालवायची; तिथं जेवणारं एक पोरगं ऐन परीक्षेच्या तोंडावर काविळीनं पडलं. आईबाप उशाशी बसून म्हणत होते, ‘परीक्षेपर्यंत ठणठणीत होशील बघ.’ ही गेली, त्याचे डोळे पाहिले आणि म्हणाली, ‘यंदाची परीक्षा गेली तुझी. आता निवांत झोप.’ आईनं रडून वॉर्ड डोक्यावर घेतला. पोरगं मात्र दाखल झाल्यापासून पहिल्यांदाच गाढ झोपलं. तरीही लोक तिला फटकळ म्हणत, आणि माघारी पांढऱ्या पायाची. तिला ते ठाऊक होतं, पण ती जायची थांबली नाही. एका जागी बसणं तिच्या नशिबातच नव्हतं. भाकरी थापतानाही तिचं एक पाऊल उंबऱ्याबाहेर असायचं.

हे असं का, ते गल्लीतल्या पोरांना माहीत नव्हतं. ती पोरं भूकंपानंतर जन्मली होती किंवा तेव्हा रांगत होती.

पंचफुला किल्लारीच्या अलीकडच्या एका खेड्यातली, बौद्धवाड्यातली. नवरा केरबा पोर अंगावर पीत असतानाच गेला. उरला लेक प्रेम. भूकंपाच्या पहाटे भिंत आली ती दोघांवर. तिला ढिगाऱ्यातून काढलं गफूरनं. गफूर गावचाच, निलंगा रस्त्यावर जीप चालवायचा. त्या दिवशी त्यानं जीपमधल्या सीटा उपटून फेकल्या आणि जखमींना आडवं घालून लातूरच्या दवाखान्यात फेऱ्या मारल्या. प्रेमही ढिगाऱ्यातून निघाला, पण त्याला लातूरला न्यायची गरज उरली नव्हती. गावानं सगळ्या प्रेतांना एकत्रच अग्नी दिला. मांडीचं हाड मोडलेली पंचफुला तेव्हा सलाईन लावून पडली होती.

गावच्या अण्णारावनं सगळ्यांना बजावलं, ‘तिला सांगायचं न्हाई. हाय खाऊन मरंल.’ मग जो येईल तो सांगू लागला की प्रेम निलंग्याला मामाकडं हाय. कुणी म्हणे शाळेत जाऊन राहिला, कुणी म्हणे मामीच्या हातचं खाऊन अंग धरलंय पोरानं. भेटायला येणारे बिस्किटाचे पुडे आणायचे, पंचफुला ते उशाखाली जपून ठेवायची. प्रेमला बिस्किटं लई आवडायची. पाय सांधला, घरी सोडलं, न्यायला गफूर आला. ती म्हणाली, ‘गफूरभाई, आदी निलंग्याला घ्या.’

आणि त्यानं जीप निलंग्याला घेतली. वाटेत कुठंतरी थांबवून सांगेन, असं त्यानं ठरवलं होतं म्हणे. औशाच्या पुढं सांगू, मग लामजन्याच्या पुढं सांगू, असं करता करता निलंगा आलं. भावाच्या दारात ती पुडे घेऊन उतरली आणि तिनं हाक मारली, ‘प्रेम!’ भावजय बाहेर आली ती तोंडात पदर कोंबूनच.

तेव्हापासून पंचफुला गफूरशी बोलली नाही. खोटं सगळं गाव बोललं होतं, पण राग धरला तो त्याच्यावरच, कारण त्याच्या हातात अख्खा रस्ता होता. ‘माझ्या लेकराचं तोंड मला बगू दिलं न्हाई तुमी,’ एवढंच तिचं म्हणणं होतं.

पुढं लातुरात क्लासचं पीक आलं. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला येऊ लागली, आणि त्यांना पोळीभाजी घालायला पंचफुला लातूरला आली. गफूरनंही जीप विकून पोरांची ने-आण करायला रिक्षा घेतली. घर एका गल्लीआड आलं. गफूरची बायको दिलशाद ईदला शीरखुर्मा घेऊन यायची आणि पंचफुला तो घ्यायची. हळूहळू दिलशाद ईद नसतानाही येऊ लागली. दोघी पायरीवर बसून लसूण सोलत आणि नवऱ्यांना, सुनांना, क्लासवाल्यांना एका दमात नावं ठेवत. गफूर रिक्षा घेऊन समोरून गेला की पंचफुला तोंड फिरवायची, आणि दिलशाद म्हणायची, ‘आक्का, मान मोडंल एखाद दिवशी.’

भूकंपापासून अशी सोळा वर्षं गेली, आणि गफूरला हृदयाचा झटका आला. दिलशाद रोज डबा घेऊन दवाखान्याचे जिने चढत होती. पाचव्या दिवशी सकाळी डबा भरता भरता तीच चुलीपुढं कोसळली. डॉक्टर येईस्तोवर सगळं संपलं होतं.

त्यांचा मुलगा साद पंचफुलाला दारातच आडवा आला. त्याचे डोळे सुजले होते. ‘मावशी, हात जोडतो. अब्बाला कायबी कळू द्यायचं न्हाई. धक्का बसला तर तेबी जातील. असरच्या नमाजनंतर मिट्टी हाय. तुमी आज दवाखान्यात जाऊ नका.’

‘न्हाई जात,’ पंचफुला म्हणाली.

ती बायकांत जाऊन बसली, उठली, पुन्हा बसली. दिलशादचा चेहरा पाहिला. झोपल्यासारखा वगैरे मुळीच नव्हता. मेल्यासारखाच होता. आता आपली मान मोडेल म्हणून कुणी काळजी करणार नाही, हे तिला एकदम कळलं. ती घरी आली, कणीक मळायला घेतली, तशीच टाकली. दवाखान्याच्या वळणापर्यंत गेली, माघारी फिरली. पोरगं चुकतंय असं म्हणावं तर त्याचं तरी काय चुकत होतं? आई गेली, बाप तरी राहावा, एवढंच तर मागत होतं ते. पण दुपार कलत होती, असरची वेळ जवळ येत होती. एकदा माती झाली की गफूरला कबर दिसेल, दिलशाद दिसणार नाही. पंचफुलाला हे ठाऊक होतं, तसं त्या घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि सांगितलं, अन् सादचं म्हणणं खरं ठरलं तर? तर एका दिवसात त्या पोराचे आईबाप दोन्ही जाणार होते, आणि एकाला मारणारी ती असणार होती.

भेटीची वेळ सुरू झाली तेव्हा ती फाटकात उभी होती. वर गेली. गफूरच्या खाटेभोवती भाचे, पुतणे हसऱ्या तोंडानं उभे होते. ‘मामीला जरा बुखार हाय, बाकी कुच नहीं,’ कुणीतरी सांगत होतं. पंचफुलाला पाहून सगळ्यांची तोंडं उतरली. एकानं डोळ्यानं ‘नको’ म्हणून खूण केली.

गफूरनं ती खूण पाहिली. मग पंचफुलाकडं पाहिलं.

‘पंचफुलाबाई,’ तो म्हणाला, ‘दिलशाद का आली न्हाई?’

सोळा वर्षांनी त्यानं तिला प्रश्न विचारला, आणि ओठावर आलेलं उत्तर तिनं तसंच गिळलं. ‘आलेच,’ म्हणाली आणि वळली. भाच्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

ती गेली डॉक्टरकडं. तरुण डॉक्टर. लातुरात ही एक सोय आहे, दर दुसरा डॉक्टर कुठल्या ना कुठल्या मेसवर वाढलेला असतो. हा तिच्याच मेसवर दोन वर्षं जेवलेला. तिनं सगळं सांगितलं.

‘मावशी, धोका आहे,’ तो म्हणाला.

‘आन् न्हाई सांगितलं तर?’

डॉक्टरनं गफूरची फाईल उघडून पाहिली. मग म्हणाला, ‘ईसीजीचा कागद सकाळी बरा आलाय. सांगायचंच असेल तर मी शेजारी उभा राहतो. पण काही झालं तर साद तुम्हाला जन्मात माफ करणार नाही, हे धरून चला.’

‘धरलं,’ ती म्हणाली.

डॉक्टरनं भाच्यांना बाहेर काढलं, सिस्टरला इंजेक्शन भरून ठेवायला लावलं. पंचफुला आयुष्यात पहिल्यांदा पेशंटच्या शेजारी स्टुलावर बसली.

‘गफूरभाई, दिलशाद सकाळी गेली. डबा भरत व्हती तुमचा. तरास झाला न्हाई. असरनंतर मिट्टी हाय. तुमाला तिचं तोंड बगायचं असंल तर आत्ताच सांगा.’

गफूर छताकडं बघत राहिला. डॉक्टर मशीनकडं, पंचफुला गफूरकडं. त्याच्या कानशिलावरून पाणी ओघळलं आणि उशीत जिरलं. शेवटी तो म्हणाला, ‘सादला फोन लावा.’

साद फोनवर आधी ओरडला, मग रडला. पण कब्रस्तानाकडं निघालेली गाडी त्यानं दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी थांबवली. गफूरला चाकांच्या खुर्चीवरून खाली नेलं. मागचं दार उघडलं, कफन तोंडावरून बाजूला केलं. गफूरनं बघून घेतलं. तो काय पुटपुटला ते त्याचं त्याला माहीत. नमाजची वेळ झाली तसा तोच म्हणाला, ‘चला, उशीर नका करू.’ साद पंचफुलाशी एक अक्षर बोलला नाही. जाताना मात्र बापाच्या खुर्चीची मूठ त्यानं तिच्याच हातात दिली. ती रात्र गफूरला जड गेली, पण गेली.

दुसऱ्या दिवशी गावाकडून जीप भरून आली. सगळ्यात पुढं अण्णाराव, आता काठी टेकत चालणारा. त्याला आदल्या दिवशीच्या फोनवर एवढंच कळलं होतं की दिलशाद गेली आणि गफूरला सांगायचं नाही.

‘काळजीचं कारण न्हाई,’ अण्णाराव खाटेवर बसत म्हणाला. ‘भाबी खालीच भेटल्या की. गुडघा धरलाय म्हणल्या, म्हणून जिना न्हाई चढल्या.’ त्याच्या कपाळावर घाम होता आणि नजर उशीच्या वर जात नव्हती. एवढा बाप्या माणूस, पण पोटात भीती मावत नव्हती त्याच्या.

पंचफुला स्टुलावर बसली होती. सवयीनं तिचं तोंड उघडलं. गफूरनं तिच्याकडं पाहिलं आणि बारीकशी मान हलवली. ती अण्णारावच्या तोंडाकडं बघत राहिली. खोटं बोलणाऱ्याचं तोंड तिनं इतक्या वर्षांत असं नीट पाहिलंच नव्हतं. तिनं तोंड मिटलं.

‘हाव,’ गफूर म्हणाला. ‘तिचा गुडघा लई दुकतो.’

अण्णारावनं सुस्कारा टाकला, धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं आणि मग तेवढ्यावरच न थांबता डोळेही पुसले. जरा वेळानं काठी टेकून उठला.

‘येतो मग. भाबीला रामराम सांग.’

‘सांगतो,’ गफूर म्हणाला.