दिपोटीसाहेबांची राहुटी

दोन्ही टोकं सारखी असलेली एकही वस्तू अख्ख्या कर्जतात आमच्या भूमितीच्या मास्तरांच्या चाकूतून सुटली नव्हती. साबणाची वडी, खरवस, एकदा तर मास्तरीणबाईंनी जपून ठेवलेलं चंदन, सगळं त्यांनी आडवं कापून पाहिलं होतं. कुठंही कापलं तरी तोच आकार, तेवढाच निघाला की त्यांचा चेहरा खुलायचा. "ही चिती. व्याख्या पाठ करायची नाही, हातात धरायची," असं ते सांगायचे. काकडी मात्र टोकाकडे निमुळती होते म्हणून ते मनापासून हळहळायचे. लग्नाच्या पंगतीतही ते वडी कापून निरखत बसले की वाढपी ताटकळायचे.

या हौसेपायी मुलांना एकही व्याख्या येईना. त्या वर्षी दिपोटीसाहेब शाळा तपासायला आले, तेव्हा मास्तरांची नोकरी जाणार हे गावात सगळ्यांनी धरलंच होतं. साहेबांनी शाळेमागच्या शेतात राहुटी ठोकली आणि वर्गात येऊन चितीची व्याख्या विचारली. चार मुलं उठली आणि तशीच खाली बसली. साहेबांची पेन्सिल भराभर चालत होती. पाचवा मी. घाबरून खिडकीबाहेर पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "साहेब, तुमची राहुटी चिती हाय."

मग धीर करून सांगितलं, की पुढचा त्रिकोण तसाच मागचा, दोन उतरत्या बाजू, खाली जमीन, अशी पाच पृष्ठं. साहेब खिडकीशी गेले आणि पहिल्यांदाच हसले. तिथंच सगळं निभावलं होतं. पण मास्तर पुढे आले.

"नाही साहेब. दोन खांबांमधला दोर ढिला आहे. मधे कापली तर त्रिकोण लहान निघेल. मुलाचं उत्तर चूक."

आपण काय बोलतो आहोत याची कल्पना आहे का, असं साहेबांनी थंडपणे विचारलं. मास्तर तोवर पायऱ्या उतरले होते. खुंटीला पाय लावून त्यांनी दोर ताणला, धोतराला चिखल घेऊन परत आले आणि म्हणाले, "आता आहे."

साहेबांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. नोकरी राहिली, पण वर्षअखेरीस मास्तरांची बदली झाली, लांबच्या तालुक्यात. आम्ही त्यांना स्टेशनावर पोचवायला गेलो. गाडी दिसू लागली तसं त्यांनी मला बाजूला घेतलं.

"खरं सांग रं, चिती म्हणजे काय ते तुला तेव्हा समजलं होतं, की मला वाचवायला बोललास?"

"समजलं होतं, मास्तर," मी म्हटलं.

ते समाधानाने गाडीत चढले. मला खरं तर ते दोर ताणत होते तेव्हा समजलं. ते सांगायचं राहून गेलं.