आमच्या गाडीची शर्यत

शनिवारी सकाळी न्युरेम्बर्गच्या स्टेशनवर आम्ही तिघं उभे होतो, ते आमचीच जुनी गाडी ठोकरा खाताना बघायला जाण्यासाठी. पुण्यातल्या मैत्रिणीला मी हे फोनवर सांगितलं, तेव्हा तिला वाटलं लाइन खराब आहे. तिने मला पुन्हा बोलायला लावलं.

ही लाल गाडी आम्ही जर्मनीत आल्यावर दुसऱ्या वर्षी घेतली, तीही सेकंडहँड. तिच्यावर मी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायला शिकले. तिच्यातूनच रेवाला हॉस्पिटलमधून घरी आणलं. घरात सगळे तिला लाली म्हणायचे. या उन्हाळ्यात ती तपासणीत नापास झाली. माझा नवरा नितीन गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनिअर. त्याने खाली वाकून गंजलेला तळ पाहिला आणि एवढंच म्हणाला, "गेली."

मग कार्ला आली. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, एका खेड्यात टपाल वाटणारी बाई. गाडी विकायची आमची जाहिरात वाचून ट्रेलर घेऊनच आली होती.

"हिचं काय करणार?" मी विचारलं.

"आल्झो (तर मग), स्टॉककार!" ती म्हणाली. म्हणजे कापणी झालेल्या शेतात मातीचा गोल रस्ता करायचा, जुन्या गाड्यांच्या काचा काढून आत लोखंडी पिंजरा बसवायचा आणि शर्यत लावायची. धडक द्यायला परवानगी. नियम एकच, चालकाच्या दाराला कुणी धडकायचं नाही.

सात वर्षांची रेवा माझ्यामागे उभी होती. मराठी तिला सगळी कळते, पण उत्तर येतं जर्मनमध्ये. तिने विचारलं, "टूट एस ईर वे?" (तिला दुखेल का?)

कार्ला हसली नाही. वाकून म्हणाली, "मला माहीत नाही. आवाज मात्र खूप करेल. बघायला येशील?"

रेवाने मान डोलावली आणि आमच्या घरात वादाला तोंड फुटलं.

"पोरीला हे दाखवायचं?" नितीन म्हणाला. "आयुष्यभर लक्षात ठेवेल."

"नाही नेलं तर तेही लक्षात ठेवेल."

"ती रडली तर?"

"रडू दे. आपण असू ना तिथे."

तो कबूल झाला आणि मग जर्मन माणसासारखा नियोजनाला लागला. त्या खेड्यात रेल्वे जात नाही, आणि रविवारी तिथे फक्त 'रूफबुस' (आदल्या दिवशी फोन करून बोलवायची बस) मिळते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला. कानात घालायचे बोळे आले, चिखलासाठी रबरी बूट आले. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ठरवली. रेवाला धीर द्यायला काय बोलायचं, कुणी बोलायचं, तेही ठरलं. संध्याकाळी ती नकाशावरच्या निळ्या ठिपक्यांवर बोट ठेवत बसायची. तिच्या मते ती सगळी शर्यतीची ठिकाणं होती.

ते ठिपके म्हणजे तळी, हे बसमधून उतरल्यावर कळलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माशांची तळी होती, एकाला लागून दुसरं, इतकी निश्चल की ढग खाली पडल्यासारखे दिसत होते. ऑगस्ट संपत आला होता. एका बांधावर करकोचा उभा होता. आम्ही पिशव्या घेऊन त्याच्या जवळून गेलो, तरी तो हलला नाही. कुणाशी मोठ्याने बोलावंसं वाटेना.

पेन्सिओनच्या (घरगुती लॉजच्या) मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "मग कार्पसाठी आला नाहीत?"

"मासे पण खात नाही," नितीन ओशाळून म्हणाला.

"बरंच झालं. कार्प सप्टेंबरच्या आधी मिळतच नाही." त्यांनी आम्हाला क्लोस (बटाट्याचे मोठे उकडलेले गोळे) आणि अळंब्यांचा दाट रस्सा वाढला. मी चटणी पुढे केली. त्यांनी ती क्लोसवर भुरभुरली, डोळे मिटले आणि वाटी आपल्या बाजूला ओढून घेतली.

दुपारी कार्लाच्या कोठारात गेलो. आत अंधार होता, गवताचा आणि ऑइलचा वास होता. लालीच्या काचा नव्हत्या, मागची सीट नव्हती, दिवे काढलेले. चालकाचं दार पांढरं रंगवलेलं. मी रेवाचा हात घट्ट धरला. तिने तो सोडवून घेतला आणि सगळ्या बाजूंनी गाडी बघून आली.

"नाव लागतं," कार्लाने तिच्या हातात ब्रश दिला. "बॉनेटवर. तू घाल."

रेवाने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीवरच्या धुळीत बोटाने 'लाली' लिहिलं. मराठी अक्षरं तिला येत नव्हती. तिने चित्र काढावं तशी ती उतरवली. दुसऱ्या 'ल'ची वेलांटी बॉनेटच्या कडेवरून खाली ओघळली.

"हे काय लिहिलंय?" कार्लाने विचारलं.

"लाली," रेवा म्हणाली. "दास इस्ट मराठी." (हे मराठी आहे.)

रविवारी सकाळी धुकं होतं. आम्ही तळ्यांमधल्या पायवाटेने चालत निघालो. पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त कुठूनतरी इंजिनं गुरगुरत होती, जणू धुक्यात मोठी जनावरं जागी होत होती. मग धुकं उचललं गेलं आणि समोर कापलेल्या गव्हाचं पिवळं शेत, लाकडी बाकं, भाजलेल्या सॉसेजचा धूर आणि ट्रॅक्टरवर चढून बसलेलं अख्खं गाव.

बायकांची शर्यत दुपारी सुरू झाली. निवेदकाला नाव वाचता येईना. "आणि ही कार्ला, या… या सुंदर नक्षीच्या गाडीतून!"

झेंडा पडला. धूळ उठली ती खाली बसलीच नाही. उन्हात ती सोन्याच्या पडद्यासारखी तरंगत राहिली आणि गाड्या त्यातून बाहेर यायच्या, पुन्हा आत नाहीशा व्हायच्या. बोळ्यांमुळे आवाज दुरून आल्यासारखे वाटत होते. प्रत्येक फेरीला मी तो लाल रंग शोधायचे. एका निळ्या गाडीने वळणावर तिला मागून ढकललं. लाली आडवी झाली, दुसरीने समोरून धडक दिली, आणि पुढचं चाक सुटून एकटंच बांधाकडे गडगडत गेलं.

मी रेवाकडे वळले. ठरवलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. रेवा बाकावर उभी राहून ओरडत होती, "लोस, लाली, लोस!" (चल, लाली, चल!)

धूळ जरा विरली. कार्ला थांबली नव्हती. नांगरासारखी जमीन उकरत, ढेकळं उडवत, लाली पुढे सरकत होती. बाकीच्या गाड्या तिला मागे टाकून गेल्या. लोक उभे राहिले. कुणाला नाव उच्चारता येत नव्हतं, पण रेवाचं ऐकून पलीकडचे आजोबा ओरडायला लागले, मग ट्रॅक्टरवरची पोरं, मग सगळा बांधच. फ्रँकन प्रांतातल्या त्या शेतात शेकडो माणसं "लाली, लाली" करत होती. ती सगळ्यात शेवटी रेषेपलीकडे आली आणि बंद पडली.

मी नितीनला शोधलं, तर तो जागेवर नव्हता. दोरीखालून वाकून तो ट्रॅकवर गेला होता. बॉनेटमधून वाफ येत होती, आणि माझा नवरा, ज्याने "गेली" एवढ्यावर विषय संपवला होता, तो लालीच्या टपावर तळहात ठेवून उभा होता. कार्ला खिडकीतून बाहेर आली, हेल्मेट काढलं आणि त्याच्या खांद्यावर थाप मारली. दोघांत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"धूळ," तो म्हणाला.

"या," मी म्हटलं. (जर्मनमध्ये याचा अर्थ 'हो'.)

परतीच्या बसमध्ये रेवा खिडकीला डोकं टेकून झोपली. तिच्या भुवयांवर धूळ होती. बाहेर तळी एकेक करून मागे जात होती, संध्याकाळच्या उजेडात गुलाबी. पोरीला कसं सांभाळायचं याची तयारी आम्ही इतकी केली होती, आणि आम्हा दोघांना कुणी सांभाळायचं ते ठरवायचं राहून गेलं होतं. नितीनने बॅगेतून उरलेली दशमी काढली, अर्धी मला दिली.

घरी पोचतो तो पुण्याहून आईचा फोन. तिला नीट कळलेलं एवढंच, की आमची गाडी शर्यतीत होती.

"जिंकली का गं?"

"नाही गं आई. शेवटची आली. तीन चाकांवर आली."

आई म्हणाली, "अगं, मग रिक्षाच झाली की तिची!"

मी हसायला लागले. हसता हसता रडू कधी आलं ते कळलं नाही. आई तिकडून विचारत राहिली, "काय झालं? अगं, काय झालं?" आणि मी तिला सुरुवातीपासून सांगायला बसले.