तांब्याभर पाऊस

बन्सी साळवे तांबडवाडीचा कोतवाल. गाव बिडकीनच्या पलीकडं. सरकारचं पर्जन्यमापक बन्सीच्या अंगणात, तारेच्या कुंपणात उभं आहे. बावीस वर्षं तो रोज सकाळी साडेआठला त्याचं नरसाळं उचलतो, खालच्या बाटलीतलं पाणी मापात ओततो आणि वहीत आकडा लिहितो. बहुतेक आकडे शून्य आहेत. शून्यसुद्धा तो नीट गोल काढतो.

यंदा ऑगस्ट कोरडा गेला. गावाला टँकर लागला आणि त्याच आठवड्यात डोक्यावर विमान फिरू लागलं. ढगात मीठ फवारून पाऊस पाडायचा प्रयोग होता. पडला की नाही, हे बन्सीच्या बाटलीवरून ठरणार होतं. एका दुपारी विमान घिरट्या घालून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगावरचे हेमचंद्र साहेब शहरातून स्वतः आले. बाटली त्यांनीच काढली. अकरा मिलिमीटर!

"साहेब, जमीन तर कोरडी ठणठणीत हाये," बन्सी म्हणाला.

"अरे, हा पेरलेला पाऊस. नेमका पडतो."

इतका नेमका, की शेजारच्या बाजेवरच्या गोधडीलाही पत्ता लागला नव्हता. साहेबांनी फोटो काढला, वहीत आकडा स्वतःच लिहून तिथूनच कळवला आणि चहा न घेता निघाले.

गाडीचा धुरळा बसल्यावर सत्यभामानं, म्हणजे बन्सीच्या बायकोनं, तोंड उघडलं. "अवं, ते म्या धुतलं."

साहेब येणार म्हटलं की आपल्याकडं सगळं धुतात. ओटा धुतात, म्हैस धुतात. नरसाळ्यावर कावळ्यानं घाण केली होती. तिनं ती टँकरच्या पाण्यानं धुऊन काढली. अर्धा तांब्या थेट बाटलीत गेला.

"मंग तवाच बोलायचं का नाय?"

"सायेब एवढं खूश झालते. तुमच्या कामावर आजवर कोन खूश झालंय?"



तिसऱ्या दिवशी टँकर आला नाही. पाऊस झालेल्या गावाला टँकर कशाला? बन्सी एसटीनं शहरात गेला. कार्यालयात टँकर मंजूर करणाऱ्या सरिता मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पाऊस कमी नोंदला, अशा तक्रारी येतात. जास्त झाला म्हणून आलेले तुम्ही पहिले."

"म्याडम, ते टँकरचंच पानी हाय."

"म्हणजे टँकर पोचला ना? मग अडचण काय?"

खूप वेळ उभं राहिल्यावर तोड निघाली. सलग सात दिवस शून्य दाखवा, टँकर चालू करते.

शून्य दाखवणं हे तर बन्सीचं आयुष्यभराचं काम. तो जवळजवळ आनंदानं परतला. गावातल्या बाया दीड कोसावरच्या विहिरीला जात. शेजारची म्हातारी दगडाबाई रोज रिकामी घागर घेऊन कुंपणाशी थांबायची.

"बन्सी, घोटभर दे की बाटलीतलं. गावात पाऊस तुह्याकडंच पडतो म्हनं."

बन्सी आकडा लिहायचा. शून्य. अशी सहा शून्यं झाली.

सातव्या दिवशी पहाटे पत्र्यावर टपटप झाली आणि थांबली. विमान आठवडाभर फिरकलं नव्हतं. साडेआठला बाटलीच्या तळाशी पाणी होतं. मापात शून्य पूर्णांक चार दशांश भरलं. एवढ्यात चिमणीची चोचही भिजली नसती.

सत्यभामा जवळ आली. "सांडा तिकडं. कोन बघतंय?"

"म्या बघतोय ना."

"अन् त्या दिवशीचं अकरा?"

"ते सायबानं लिव्हलं. म्या नाय."

त्यानं आकडा लिहिला. कुंपणापाशी दगडाबाई मान वर करून उभी होती. "किती रं?"

"चार दशांश."

"म्हंजी?"

"म्हंजी उद्यापासनं पुन्हा पयला दिवस."

दगडाबाईनं डोक्यावरची चुंबळ काढून घागरीत टाकली आणि घागर त्याच्या दारात ठेवून घरी निघून गेली. बन्सीनं वही मिटली, घागर खांद्यावर घेतली आणि विहिरीची वाट धरली.