गिऱ्हाइकाचं कापड

आमच्या गावचे परीट दुसऱ्याचं कापड एक रात्रही घरात ठेवून घेत नसत. सकाळी दिलेला सदरा दिवेलागणीच्या आत दारात हजर. एवढा चोख माणूस, आणि त्यांच्याच पत्र्याच्या पेटीत एक परक्याचं कापड शेवटपर्यंत पडून राहिलं.

गाव त्यांना ‘वकीलसाहेब’ म्हणे. कोर्टाची पायरी काही त्यांनी कधी चढली नव्हती. मुंबईत समुद्राकाठच्या एका जुन्या, नामांकित बंगल्यात शेजारच्या देशाची वकिलात होती, आणि तिथलं धुणं त्यांच्याकडे होतं. त्या दिवाणखान्यात म्हणे मोठमोठ्या वाटाघाटी झालेल्या. “आपल्याला त्यातलं काय कळतंय? येनाऱ्याच्या कोटाला सुरकुती नको, येवढं आपलं काम,” असं ते सांगत. बंगल्यावरचं निशाणही तेच धूत. खाऱ्या हवेनं ते लवकर चिकट व्हायचं.

त्याच देशाशी लढाई जुंपली तेव्हा ते निशाण इस्त्री करून पोचवायला गेले, तर फाटकाला कुलूप आणि बाहेर पोलीस. वकीलसाहेब कापड घेऊन माघारी फिरले, ते घोडेगावजवळच्या आमच्या गावी येऊन राहिले.

इकडे गावातली पोरं चावडीपुढं शत्रूचे पुतळे जाळत होती. वकीलसाहेबांची बायको पारूकाकू भेदरून गेली. “आवो, चुलीत घाला ते. घर पेटवून देतील आपलं!”

“चुलीत घालायला ते आपलं हाय व्हय? गिऱ्हाइकाचं हाय.”

मी शाळामास्तर. मीही शहाणपण शिकवायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मास्तर, लढाई सरकारची. धुनं माजं.”

लढाई संपली, बंगला मात्र उघडला नाही. मग दुष्काळ आला. नदीत झरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायचं, तिथं परटाला कपडे कोण देणार? गाढव विकलं गेलं आणि वकीलसाहेब खडी फोडायला जाऊ लागले. सुट्टीत मी मुंबईला निघालो, तर निशाण पिशवीत घालून माझ्याबरोबर आले.

बंगल्याच्या फाटकाला गंज चढला होता. पहारेकऱ्यानं पिशवीत डोकावलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, “म्हातारबा, हे इथं बाहेर काढू नका. घेणारं कुणी नाही.” येताना एस्टीत वकीलसाहेब एवढंच बोलले, “तितं दांडी रिकामी हाय, मास्तर.”

खडीची धूळ छातीत बसली आणि ते गेले. मढ्यावर घालायला घरात धड कापड नव्हतं. भावकीतल्या एकानं पेटी उघडली, घडीची पांढरी बाजू बघून म्हणाला, “हे हाय की कोरं करकरीत.”

पारूकाकूनं झडप घालून ते काढून घेतलं. “हात लावू नका! गिऱ्हाइकाचं हाय.”

शेवटी मी घरून माझं धोतर आणलं. ते त्यांनीच धुतलेलं होतं. वकीलसाहेबांनी मला परत न केलेलं ते एकच कापड.